एचएफचे रक्त किती ठेवावे? आधी गाईचा हिशेब मांडा, मग कांडी निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमनेर भागातला गोठा, आठ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई. सहा घरच्या, त्यांची पणजी गावठी आणि तिथून पुढे तीन पिढ्या सलग एचएफचीच कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी). दोन बाजारातून आणलेल्या. दूध बावीस-चोवीस लिटरवर गेले, पण मार्च ते जून गाई उलटतात (भरवूनही गाभण राहत नाहीत), तीन-चार वेळा भरवाव्या लागतात, कासदाह पाठ सोडत नाही, फॅट ३.२ च्या वर जात नाही. एक जण म्हणतो गिर भरा, दुसरा म्हणतो जर्सी, तिसरा म्हणतो एचएफ सोडलात तर दूध गेले. काय करावे?

आठही गाईंना एकच कांडी चालणार नाही. कोणत्या गाईला काय भरायचे हे तिच्या अंगात आज किती टक्के एचएफ आहे त्यावर ठरते, आणि ते काढायला कागद-पेन्सिल पुरते. वळूचे टक्के आणि गाईचे टक्के मिळवा, दोनने भागा. गावठी शून्य, एचएफचा वळू शंभर: पहिली कालवड ५० टक्के. तिला पुन्हा एचएफ: ७५. तिला पुन्हा एचएफ: ८७.५. तुमच्या घरच्या सहा गाई इथे उभ्या आहेत. यंदा परत एचएफ भरलात तर कालवड ९३.७५ टक्क्यांची होईल, म्हणजे व्यवहारात शुद्ध एचएफच. आपल्याकडच्या हवामानाला आणि साध्या गोठ्याला साधारण ५० ते ६२.५ टक्के विदेशी रक्त झेपते असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. तुम्ही ती रेघ या गाईंच्या आईच्या पिढीतच ओलांडली. (पहिल्या पिढीनंतरचे सगळे टक्के सरासरीचे असतात हेही ध्यानात ठेवा. कागदावर ७५ असलेल्या दोन सख्ख्या बहिणींत एक ७० आणि दुसरी ८० टक्क्यांची निघू शकते. एकीचे दूध भरपूर आणि दुसरी काटक, असे दिसते त्यामागे हेही एक कारण असते.)

टक्क्यांइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट बहुतेक जण मोजतच नाहीत, ती म्हणजे संकराचा जोम. दोन दूरच्या जाती एकत्र आल्या की पहिल्या पिढीत जो काटकपणा, जी गाभण राहण्याची ताकद दिसते ती आईबापांच्या सरासरीपेक्षा जास्त असते. एचएफ ही वशिंड नसलेल्या युरोपीय गुरांची जात, गिर किंवा गावठी ही वशिंडवाल्या भारतीय गुरांची. दोघांत गुणसूत्रे ६०-६०, त्यामुळे संकर वांझ होत नाही, पण वंश एकमेकांपासून इतके लांब की जोम भरपूर मिळतो. पहिल्या पिढीत हा जोम पूर्ण, म्हणजे १०० धरा. तिला परत एचएफ भरली की ७५ टक्क्यांच्या कालवडीत तो ५० उरतो, ८७.५ च्या गाईत २५, पुढच्या पिढीत साडेबारा. आणि हा जोम सर्वांत जास्त मदत करतो तो गाभण राहणे, वासरू जगणे, आजाराशी झुंजणे या बाबतीत. दुधात त्याचा वाटा त्या मानाने कमी. गाभण राहण्याचा गुण आनुवंशिकतेने फारच थोडा उतरतो, म्हणून तो निवडीने सुधारायला पिढ्या लागतात, आणि संकराचा जोम संपला की तोच आधी घसरतो. आजी पहिल्याच कांडीला फळत होती आणि नात चार वेळा उलटते, त्याचा मोठा भाग इथे आहे.

पहिल्या पिढीच्या गाईंना पहिल्या पिढीचाच वळू दाखवला तर टक्के ५० च राहतात, पण जोम निम्मा होतो आणि कालवडी एकसारख्या निघत नाहीत: एक आजोबावर जाते, एक आजीवर. ‘पन्नास टक्के ठेवलं की झालं’ असे म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते.

आता तुमच्या ८७.५ टक्क्यांच्या गाईपुढे चार कांड्या ठेवून बघू.

एचएफ भरली तर ९३.७५ टक्के, जोम साडेबारा. दूध वाढेल की नाही हे चारा, पंखे आणि वळूच्या प्रतीवर ठरेल. उन्हाळ्याचा त्रास मात्र नक्की वाढेल.

जर्सी भरली तर वासरात एचएफ ४३.७५, जर्सी ५० आणि गावठी ६.२५ टक्के. फॅट सुधारेल, वासरू लहान म्हणून व्यायला सोपे, गाय आकाराने लहान म्हणून चारा कमी. हे सगळे खरे, पण विदेशी रक्ताची बेरीज ९३.७५ च राहिली! जर्सीसुद्धा युरोपातलीच गाय आहे. ‘जर्सी टाकली म्हणजे रक्त उतरलं’ हा समज गोठ्यागोठ्यांत ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. एचएफ आणि जर्सी यांच्यातही थोडा जोम मिळतो, पण गिरसारख्या लांबच्या जातीइतका नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी याच तीन जातींची आहे: एचएफ ५०, जर्सी २५, गिर २५ टक्के. म्हणजे तिच्यातही विदेशी रक्त ७५ आहे, पण गिरचा पाव भाग मुद्दाम राखला आहे. तुमच्या गाईत देशी भाग आधीच फक्त साडेबारा टक्के आहे. त्यावर जर्सी म्हणजे त्रिवेणी नव्हे.

गिर भरली तर ४३.७५ टक्के एचएफ आणि जोम एकदम ८७.५. कारण वासराला बापाकडून सगळे गिरचे मिळते आणि आईकडून बहुतांश एचएफचे, म्हणजे जवळपास नवी पहिली पिढीच तयार होते. गाय शुद्ध एचएफच्या जितकी जवळ, तितका गिरच्या कांडीचा फायदा जास्त. ब्राझीलमध्ये हीच वाट मोठ्या प्रमाणावर चालली: आपल्याकडून गेलेली गिर आणि तिथली एचएफ यांच्यापासून ५/८ एचएफ, ३/८ गिर अशी गिरोलांडो जात उभी राहिली. तोटेही सांगतो. कालवडीचे दूध आईपेक्षा बहुधा कमी राहील. काही गाई वासराशिवाय पान्हा सोडत नाहीत. यंत्रावर दूध काढणाऱ्यांना हा त्रास जास्त जाणवतो, म्हणून पहिल्या वेतापासूनच वासराशिवाय पिळण्याची सवय लावावी लागते. आणि गिरचे वासरू आईच्या पोटात थोडे जास्त दिवस राहते. एचएफचे २७९-२८० दिवस धरले तर गिरच्या बापाचे वासरू आठवडाभर पुढे जाऊ शकते. तारीख उलटली म्हणून घाबरून गाय व्यायला लावण्याचे इंजेक्शन देऊ नका; आधी रेतनाची नोंद तपासा, कांडी कोणती होती ते पाहा.

चौथी कांडी संकरित वळूची, एचएफ आणि गिर निम्मे-निम्मे. ८७.५ आणि ५० मिळून १३७.५, भागिले दोन: ६८.७५ टक्के, जोम ५०. दूध फार उतरत नाही, रक्त ताळ्यावर येते. कालवडीला पुन्हा हीच कांडी भरली तर ५९.४. ज्याला दर महिन्याच्या दूध बिलावर घर चालवायचे आहे त्याच्यासाठी ही वाट सर्वांत सोसवणारी. अडचण अशी की संकरित वळूंपैकी बऱ्याच जणांचे वीर्य गोठवल्यावर टिकत नाही म्हणून ते बाद करावे लागतात, त्यामुळे या कांड्या कमी मिळतात. आधी सांगून मागवा. उरुळी कांचनच्या बायफपासून महाराष्ट्र पशुधन विकास मंडळापर्यंत कुठूनही घ्या, पण कांडीवर छापलेली जात आणि वळूचा क्रमांक स्वतः वाचा. कांडी भरल्यावर रिकामी नळी फेकून देऊ नका, वहीत चिकटवा.

नेमके ६२.५ हवे असतील तर सोपा मार्ग असा: ७५ टक्क्यांच्या गाईला ५० टक्क्यांच्या वळूची कांडी. लष्करी दुग्धशाळांमधली फ्रीजवाल गाय याच प्रमाणाची, एचएफ ५/८ आणि देशी साहिवाल ३/८. एक पिढी एचएफ, एक पिढी गिर असा पाळीपाळीने फेर धरणारेही आहेत. तो फेर शेवटी ६७ आणि ३३ टक्क्यांमध्ये झुलत राहतो आणि जोम ६७ च्या आसपास टिकतो. हिशेबाला छान, पण गोठ्यात दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या गाई शेजारी-शेजारी राहतात. खुराक आणि दूध काढण्याची पद्धत प्रत्येकीला वेगळी लागते. दहाच्या आतल्या गोठ्याला हा फेर सुचवावासा वाटत नाही.

बाजारातल्या दोन गाईंचे काय? अंगावरचे पांढरे-काळे पट्टे पाहून टक्के सांगणाऱ्यावर विसंबू नका, पण ढोबळ अंदाज येतो. एचएफचे पांढरे ठिपके हा दबून राहणारा गुण आहे. एकरंगी देशी गाईला एचएफ भरली की पहिली पिढी बहुधा जवळजवळ पूर्ण काळी निघते, पांढरे फक्त पोटाखाली, कासेजवळ. पुन्हा एचएफ आली की ठळक पांढरे-काळे पट्टे दिसू लागतात. पाठीला वशिंडाचा उंचवटा, गळ्याखाली लोंबणारी पोळी, लांब खाली वळलेले कान हे सगळे देशी रक्त सांगतात. कानातला बारा अंकी बिल्ला असेल तर त्यावरून आधीच्या रेतनाची नोंद निघते का ते डॉक्टरांकडून पाहून घ्या. खात्रीच हवी असेल तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या इंडसचिपसारख्या जनुकीय तपासणीतून रक्ताचे प्रमाण कळते. दोन गाईंसाठी तो खर्च परवडेल का ते तुम्हीच ठरवा. नाहीतर त्यांना संकरित वळूची कांडी भरा. गाय ५० ची असो की ९० ची, वासरू ५० ते ७० च्या आतच पडते.

आता तुमच्या तक्रारीतला जो भाग कांडी बदलून सुटणार नाही, तो. मार्च-जूनमधले उलटणे मुख्यतः आईच्या अंगातल्या उष्णतेमुळे होते. गाईचे बीज (अंडे) आणि भरवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातला कोवळा गर्भ ही उष्णता सोसत नाही. गिरची कांडी भरली म्हणून ८७.५ टक्क्यांच्या गाईचा ताप उतरत नाही. फायदा मिळतो तो तिच्या कालवडीला. म्हणून थर्मामीटर घ्या आणि दुपारी तीन-चार वाजता गुदद्वारातले तापमान मोजा. नेहमीचे ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ३९ च्या वर सतत राहत असेल तर गाभण राहण्याचे प्रमाण घटणार. थर्मामीटर नसेल तर कुशीची हालचाल मोजा: मिनिटाला ६० च्या वर श्वास म्हणजे गाय तापली, ८० च्या वर म्हणजे जीव मेटाकुटीला. नुसते फॉगर लावून शेड बंद ठेवली तर दमटपणा वाढून उलटेच होते. अंग भिजेल इतके पाणी, त्यावर पंख्याचा वारा, पुन्हा पाणी, असा क्रम हवा आणि शेडच्या बाजू उघड्या. शक्य असेल तितक्या गाई ऑक्टोबर ते फेब्रुवारीत गाभण होतील असे पाहा. मे महिन्यात महागडी कांडी वाया घालवण्यात अर्थ नाही.

माज पाहण्यात चूक होते तीही यातच मोजली जाते आणि खापर एचएफवर फुटते. जास्त दुधाच्या गाईत माज लहान आणि मुका असतो, उन्हात तर अधिकच. पहाटे, दुपारी आणि रात्री झोपण्याआधी वीस-वीस मिनिटे नुसते उभे राहून पाहा: दुसरी गाय अंगावर चढली असता जी शांत उभी राहते ती खऱ्या माजावर. काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) हवा. सोट गढूळ किंवा पूमिश्रित असेल तर त्या वेळी भरवू नका, आधी गर्भाशयाचा उपचार. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवा. बीज माज संपल्यानंतर दहा-बारा तासांनी सुटते, म्हणून माज दिसताच घाई करून भरलेली कांडी बऱ्याचदा फुकट जाते. व्यायल्यावर ६० दिवस तरी जाऊ द्या. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट वितळवली का, की नुसती खिशात किंवा हातात चोळली, हे बघत उभे राहा. वितळल्यावर पाऊण तास कोणाची वाट पाहिलेली कांडी भरू देऊ नका. नायट्रोजनच्या भांड्यात उणे १९६ अंशांवर ठेवलेली कांडी निवडताना भांड्याच्या तोंडापर्यंत वर काढून गप्पा मारणे हेसुद्धा शुक्राणू मारते. तीन माज व्यवस्थित भरूनही गाय उलटली तर चौथी कांडी नको, तपासणी हवी.

फॅटबद्दल थोडक्यात. दूध संघाचा दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरलेला असतो, त्यामुळे ३.२ खटकते हे साहजिक आहे. पण एचएफचे फॅट मुळात कमी, आणि त्यावर खुराक जास्त, वैरण कमी असेल तर ते आणखी खाली येते. आधी रोजचा सुका आणि हिरवा चारा वजन करून पाहा. कडबा-मुरघास पुरेसा आणि मध्यम तुकड्यांचा आहे का, अगदी बारीक पीठ तर नाही ना. खुराक दोन-तीन वेळांत विभागून द्या. त्यानंतरही ३.२ च राहिले तर वळूकडे वळा.

कालवडींबाबत वेगळी काळजी. पहिल्या वेताला लहान अंगाच्या कालवडीत मोठ्या एचएफ वळूची कांडी भरली की वासरू अडकते. वजन २५० ते २७५ किलो झाल्याशिवाय भरवू नका, वय कितीही झाले तरी. वजनकाटा नसेल तर छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर सुमारे २७३ किलो. लहान चणीच्या कालवडीला पहिल्या वेताला जर्सी चालते, तेवढ्यापुरती. गिरचे वासरू लहान असते असे समजून मात्र बेफिकीर राहू नका. वशिंडवाल्या वळूचे वासरू युरोपीय वंशाच्या आईत अपेक्षेपेक्षा जड निघते, विशेषतः गोऱ्हा. ब्राह्मन (वशिंडवाली अमेरिकी जात) वळूंच्या बाबतीत हे नेहमी दिसते.

लिंगवर्गीकृत कांडीचा विचार करत असाल तर तिची जागा नीट समजून घ्या. तिच्यात ९० टक्क्यांच्या आसपास मादी होण्याची शक्यता, पण शुक्राणू नेहमीच्या कांडीच्या मानाने फार थोडे, म्हणून गाभण राहण्याचे प्रमाण कमी. कालवडीला किंवा पहिल्या भरवणीच्या निरोगी गाईला, स्वच्छ माजावर, थंडीत वापरा. उलटणाऱ्या गाईला नको. २०१५ पासून राज्यात वळू-बैलांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने गोऱ्ह्यांचे काय करायचे हा खर्चाचा प्रश्न आहे. त्या हिशेबाने या कांडीची किंमत तपासा.

वहीत प्रत्येक गाईसमोर बापाचा क्रमांक हवाच. ज्या वळूपासून कालवड झाली त्याच वळूने ती भरली गेली तर वासरात २५ टक्के अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातला संकर) येते: वाढ खुंटलेली, मरतुकडी वासरे. सलग एचएफ वापरणाऱ्यांकडे हे नकळत घडते, कारण रेतन करणाऱ्याकडे त्या काळात एकाच वळूच्या कांड्या असतात. चांगली वीर्यकेंद्रे एचएफ वळूंची ब्लॅडसारख्या घातक आनुवंशिक दोषांसाठी तपासणी करतात. गावात फिरणाऱ्या वळूची ना ती तपासणी असते, ना गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला रोगाची. तो गोठ्यात नको.

कोणी तुम्हाला डांगी, खिल्लार, देवणी, लाल कंधारी किंवा गवळाऊ गाय आणून एचएफ भरायला सांगितले तर करू नका. त्या नोंदणीकृत जाती आहेत. त्यांना त्यांच्याच जातीची कांडी. संकर हा गावठी, जात नसलेल्या गाईसाठी आहे. (म्हशीला एचएफ भरता येईल का असेही विचारले जाते. नाही. गाईची गुणसूत्रे ६०, आपल्या म्हशींची ५०. गर्भच राहत नाही.)

तुमच्या आठ गाईंची मांडणी अशी करता येईल. ज्या दोन घरच्या गाई सर्वांत जास्त उलटतात आणि उन्हाळ्यात सर्वांत जास्त धापा टाकतात, त्यांना येत्या हिवाळ्यात गिर. वळूच्या आईचे दूध पाहून, नुसते ‘गिर’ नाव वाचून नव्हे. उरलेल्या चार घरच्या आणि बाजारातल्या दोन गाईंना संकरित ५० टक्क्यांच्या वळूची कांडी. त्या चौघींपैकी एखादी उन्हाळ्यातही पहिल्या-दुसऱ्या कांडीला फळत असेल आणि कासही चांगली असेल, तर तिला एकदा चांगल्या एचएफ वळूची कांडी द्यायला हरकत नाही. काही गाई ८७.५ टक्क्यांवरही काटक निघतात आणि तो गुण वाया घालवू नये. आठही गाई एकदम गिरकडे वळवू नका. आज भरलेल्या कांडीची कालवड नऊ महिन्यांनी जन्मते, पंधरा-अठरा महिन्यांनी भरवण्याच्या वजनाला येते आणि आणखी नऊ महिन्यांनी विते. सगळे सुरळीत झाले तरी तिचे पहिले दूध बादलीत पडायला तीन वर्षे लागतात, आणि तोवर बिल आजच्याच गाईंवर निघणार आहे.